बिब्ब्याची शाई

सकाळी मी सुमीच्या तोंडावरचं लुगडं बाजूला केलं आणि मला आधी वाटलं, हे दुसरंच कोणीतरी झोपलंय. तोंड सुजून गोल झालं होतं. दोन्ही पापण्या भिजवलेल्या वालासारख्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. कपाळावर, गालांवर, बोटांच्या पेरांवर पाण्याचे फोड. माझी चाहूल लागली तशी ती म्हणाली, "अक्का, दिन निंघना का वं?" छपराच्या झरोक्यातून ऊन थेट तिच्या कपाळावर पडलेलं होतं. मी म्हटलं, "निंघना." 

माय आली, तिनं पाहिलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले. "माता उनी व माय," ती म्हणाली. शेजारच्या जिजीला हाक मारली. जिजी उंबऱ्याबाहेरच थांबली, तिथूनच तिनं वाकून पाहिलं आणि सुमीला हात जोडले. सुमीला नाही, देवी-कांजिण्या होऊन सुमीच्या अंगावर आलेल्या मातेला. घटकाभरात दाराला कडूनिंबाचे डहाळे लागले. अंथरुणावर निंबाचा पाला आला. मायनं तेलाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला, कढई पालथी घातली. घरात माता असली की फोडणी नाही, तळण नाही, अंगाला तेलाचं बोट लावायचं नाही आणि डॉक्टरचं तर नावच काढायचं नाही. देव्हाऱ्यापुढे एक नारळ ठेवला, माता शांत झाली की फोडायचा म्हणून.

ती माता नव्हती. त्या घरात हे फक्त दोघींना माहीत होतं, सुमीला आणि मला. आणि मी गप्प बसले.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायला मला वेळ लागतो, वाचणाऱ्यानंही घाई करू नये. आमचं गाव एरंडोलच्या अलीकडे, घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात सगळा संसार त्या धाब्यावर चढायचा. पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे, शेवया, सगळं वर वाळत. खाली माय आणि मी पहाटेपासून चीक शिजवायचो, लाटायचो, शेतातलं काम नसेल तेव्हा आबाही पाट्यावर मिरची-मीठ वाटून द्यायचे, पण कोणी आलं की हात धुऊन बाजूला बसायचे. आबा म्हणजे आमचे वडील. दुपारी गावात होल्यांच्या घुमण्याशिवाय आवाज नसायचा, आणि आमच्या घरात लाटण्याचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, कैरीचा ठेचा, असं जेवण. रस आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, त्याआधी आंब्याला कोणी हात लावायचा नाही.

सुमी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. माय शेतात जायची, घर कोणीतरी सांभाळायला हवं होतं, म्हणून मी चौथीनंतर घरी बसले. मी घरी होते म्हणून सुमी शाळेत होती. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. गोष्ट तशी होती, एवढंच. ती रोज एरंडोलच्या हायस्कुलात जायची, एसटीनं, आणि नववीची परीक्षा देऊन आली होती. आबांचं ठरलं होतं, "नववी व्हयनी, भरपूर व्हयनं." मायचं वेगळं काही मत नव्हतं.

पण सुट्टी लागली त्या दिवशी सुमी दप्तरातून एक जाड कोरी वही घेऊन आली. ड्रॉइंगच्या सरांनी वर्गातल्या पाच-सहा मुलांना तशी वही दिली होती. सुट्टीचा अभ्यास म्हणून शंभर चित्रं. कॅलेंडरवरून उतरवायची नाहीत, पुस्तकातून नाही, डोळ्यांपुढे जे असेल ते काढायचं. खोडरबर वापरायचा नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर काढायची. पहिली नव्वद पेन्सिलीनं, शेवटची दहा काळ्या शाईनं. सुमीनं सरांना सांगितलं होतं की मला दहावीला पाठवणार नाहीत. सर म्हणाले, "शंभर पानं भरून आण. मग मी तुझ्या वडिलांशी बोलायला येतो. रिकाम्या हातानं मी येणार नाही."

हे तिनं फक्त मला सांगितलं. आबांना सांगितलं, सरांनी चित्रं काढायला लावलीत. आबा म्हणाले, "काढ. फुकटनं शे तं काढ."

मग ती सुटलीच. म्हैस काढली. म्हशीच्या पाठीवरचा बगळा काढला. दुपारी खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेले आबा काढले, घागर, उखळ, चपला, पिठाचा डबा काढला. जिजीला म्हणाली बस, तर जिजी पदर तोंडावर घेऊन पळाली, "मना फोटू नको काढू, आयुष्य कमी व्हस!" दुसऱ्या दिवशी तीच जिजी नथ घालून, केस चापूनचोपून आली आणि आमच्या ओट्यावर बसून राहिली. शेवटी तीच म्हणाली, "आते काढ मंग. बठ्ठं आयुष्य आठेच जाई का मनं?"

पण वहीत सगळ्यात जास्त मीच होते. हौस म्हणून नाही. माझं काम बसून होतं, आणि बसलेलं माणूस घरात दुसरं नव्हतं. माझे हात, पाठ, लाटताना पुढे आलेली मान. एका पानावर माझा नुसता अंगठा तीन वेळा होता. सुमी म्हणायची, "हात थांबाड ना जरासा."

"पीठ वाळी जाई. मंग माय माले वाळत टाकी."

"जराकुशी, अक्का. बोट इतलं वाकडं कसं शे तुनं?"

"लाटी लाटी व्हयनं. तुनं व्हणार नही, तू शिकेल शे."

तेव्हा मी हे चिडून म्हटलं होतं. तिनं त्या बोटाचं चित्र काढून मला दाखवलं. बोट वाकडंच होतं, पण ते माझंच होतं, दुसऱ्या कोणाचं वाटलं नसतं. स्वतःचं बोट मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतं?

आखाजीला चार-पाच दिवस राहिले आणि शाईचं झालं. सुमी धाब्यावर कुरडया राखत बसली होती. शेजारी दौत उघडी ठेवून ती एक्याण्णवावं पान सुरू करणार, तेवढ्यात वावटळ आली. आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळ दुपारची फिरतच असते, दौत उघडी ठेवणारीनं ते लक्षात ठेवायला हवं होतं. दौत कलंडली ती कुरडयांच्या चादरीवर. दोन दिवसांचा चीक, पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि मधोमध काळा ओघळ. माय वर आली, तिनं दौत उचलून उकिरड्यावर भिरकावली. "आते ह्या काया कुरडया तुना सरले खावाड!" असं ओरडली की गल्लीतली कुत्री उठली. दुसरी दौत मिळणार नव्हती. सुमीनं मागितलीही नाही. ती खाली येऊन वही मांडीवर घेऊन बसली आणि दहा कोरी पानं एकेक करून उलटत राहिली.

शाई कशी करायची ते मी तिला सांगितलं. ते मी तिच्यासाठी केलं असं इथे लिहिता आलं असतं. पण खरं हे की मला काहीतरी येतं ते तिला दाखवायचं होतं. रोज संध्याकाळी ती मला छाया आणि प्रकाश सांगायची, सर असं म्हणतात, सर तसं म्हणतात. शाळेत जे शिकवत नाहीत असं एक तरी मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला परटीण राहायची. ती कपड्यांवर खुणा करायची त्या बिब्ब्यानं. बिब्ब्याचं तेल आणि चुना. कितीही धुवा, ती खूण जात नाही. आणि बिब्बे आमच्या घरात होतेच, टाचांच्या भेगांना लावायला.

दुपारी सगळे झोपल्यावर मी बिब्बा दाभणाला टोचला, दिव्याच्या ज्योतीवर धरला आणि तेलाचे थेंब करवंटीत पाडले. वर चिमूटभर चुना. सुमीनं बोरू बुडवून रेघ ओढली. रेघ तपकिरी आली. ती म्हणाली, "हाई काळं कोठे शे?" मी म्हटलं, सकाळी देख. सकाळी रेघ काळीकुट्ट झाली होती, दौतीतल्या शाईहून काळी, आणि कागदात अशी बसली होती की पलीकडच्या पानावरही उमटली. सुमीनं वही छातीशी धरली. "अक्का, तू तं सरपेक्षा हुशार शे!"

ते वाक्य मला अजून आठवतं. ते ऐकायलाच मी ते केलं होतं.

जिजीनं एकदा सांगितलं होतं, बिब्बा कोणाकोणाला उततो, अंगावर फोड आणतो. मला आठवतही होतं. पण मी तो कितीदा हाताळला होता, मला कधी काही झालं नव्हतं. मला झालं नाही म्हणजे कोणालाच होणार नाही, एवढंच माझं शिक्षण. दोन दिवसांत सुमीनं सात पानं काढली. सरांनी शिकवलं होतं तसं रेघेच्या कडेला बोट फिरवून सावली करायची. बोट तेलात, आणि तेच बोट घाम पुसायला डोळ्यांवर, केस मागे सारायला कपाळावर. तिसऱ्या दिवशी खाज सुटली. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या तोंडावरचं लुगडं बाजूला केलं.

मायची पाठ वळली की मी तिच्या कानाशी गेले. "सुमे, हाई माता नही. बिब्बा उतना. मी मायले सांगस."

तिनं फुगलेल्या बोटांनी माझा हात चाचपून धरला. "सांगू नको. आबा वही जाळी टाकतीन. तीनच पाने ऱ्हायनात, अक्का."

"डोया गयात तं वही काय चाटशी?"

"उतरी जाई दोन दिनमा. सांगू नको. तुले मनी आन."

मी सांगितलं नाही. तिची शपथ होती, आणि आबांच्या हातचा मारही होता, आणि दोन्हींतलं मला जास्त काय लागलं ते आज सांगता येणार नाही. दिवसभर माय तिच्या उशाशी बसून निंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. माझी माय तोंडानं तिखट. आम्हाला तिनं कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी ती सुमीशी इतकं हळू बोलत होती, "माय, शांत व्हय. मनं लेकरू लहान शे. तुले थंड पानी दिसू, दहीभात दिसू." ती मातेला विनवत होती. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. बिब्बा उतला तर खोबरं आणि तीळ वाटून लावायचे हे मायला माझ्याहून चांगलं माहीत होतं. नारळ तिच्यापासून दोन हातांवर होता. आणि मातेत तेलकट चालत नाही म्हणून ती फोडांवर निंबाचं पाणी शिंपडत होती.

दुसरा दिवस आखाजीचा. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या. निंबाच्या फांद्यांना झोके लागले, त्यांच्या दोरांची करकर आणि पोरींचं गाणं आमच्या घरात येत होतं. पितरांची घागर मायनं कशीबशी भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, पण सांजोऱ्या नाहीत, पुरण नाही, तळण नाही. आंबे कोपऱ्यात तसेच. दुपारी मी सुमीच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं, तर ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. ओठ आतून सुजले होते. श्वास घेताना घशात बारीक शिट्टी वाजत होती. मी म्हटलं, "सुमे?" ती हुंकारली नाही. वहीचंही काही म्हणाली नाही.

मी उठले, देव्हाऱ्यापुढचा मातेचा नारळ उचलला आणि उंबऱ्यावर फोडला.

माय किंचाळली. जिजी धावत आली. आबा खाटेवरून उठून उभे राहिले. मातेच्या नावाचा नारळ, माता घरात असताना, पोरीनं फोडला. माय म्हणाली, "मारी टाकी ही, आपली पोर मारी टाकी!" मी नारळाची वाटी हातात धरून म्हटलं, "माता नही. बिब्बा शे तो. मी दिन्हा."

बाहेर झोके चालूच होते.

मला वाटलं होतं माय आधी मारेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, सुमीच्या बोटांकडे पाहिलं, ती बोटं उचलून नाकाशी नेली, आणि नखांतला काळा रंग पाहिला. मग माझ्या हातातली वाटी ओढून घेतली. "देखी काय ऱ्हायनी? किस! जिजी, तीळ काढ!" तिघी खाली बसून किसायला, वाटायला लागलो. माय इतक्या घाईनं किसत होती की किसणीवर तिची बोटं सोलली, पण ती थांबली नाही. आबा बैल जुंपायला गेले.

एरंडोलला जाईपर्यंत बैलगाडीत सुमीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माय पूर्ण वाटभर खोबऱ्याचा लेप तिच्या पापण्यांवर बोटानं लावत होती आणि मला शिव्या देत होती. शिव्या मध्येच थांबल्या की मला भीती वाटायची. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, डोळे धुतले, मलम भरलं. "बिब्बा डोळ्याला कोणी लावायला सांगितला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "आणि सांगायला दोन दिवस लावले?" मी म्हटलं, हो. ते हात धुवायला वळले. काही लोक लिहितात की अशा वेळी कोणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मला तसं वाटलं नाही. घरी आल्यावर आबांनी मारलं, आणि बरं वगैरे काही वाटलं नाही, फक्त लागलं.

आठ दिवस सुमी अंधाऱ्या खोलीत. चौथ्या दिवशी डावा डोळा फटीएवढा उघडला. समोर मी होते. ती म्हणाली, "अक्का, वही?"

वही आबांकडे होती. ते ती जाळायलाच घेऊन बसले होते, हे मी पाहिलं आहे. चुलीपुढे बसून, खताच्या पिशवीचा तुकडा हाताला गुंडाळून, एकेक पान उलटत होते. बिब्ब्याच्या पानांना हात लागू नये म्हणून हाताला पिशवी. जाळायची वही एकेक पान उलटून कोण पाहतं, हे तेव्हा मला सुचलं नाही. एका पानाशी ते थांबले. खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस. बराच वेळ पाहिलं आणि मायला हाक मारली, "मी इतला म्हातारा दिखस का वं?"

माय वाकली, पाहून म्हणाली, "ह्यानाबी जास्त."

आबांनी वही मिटली, त्याच पिशवीत गुंडाळली आणि कणगीवर ठेवली. सुमीचा उजवा डोळा उघडल्यावर ती तिच्या मांडीवर आणून टाकली. उरलेली तीन पानं तिनं पेन्सिलीनंच काढली. दोन मायची आहेत. एकात फक्त किसणी आहे.

जूनमध्ये सर आले. सायकलवरून, डोक्याला रुमाल बांधून. सुमीच्या डोळ्यांभोवती काळे डाग अजून होते. सर वही पाहत गेले, काळ्या पानांशी आले तेव्हा तिनं सांगितलं आणि त्यांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरला. "मी शाई म्हटलं होतं ना गं," ते म्हणाले, "नव्हती तर पेन्सिल चालली असती मला." मग आबांकडे वळून त्यांनी घसा साफ केला. बोलायचं काय ते त्यांनी सायकलवर पाठ केलं असणार. आबांनी त्यांना सुरूच करू दिलं नाही. चहाची बशी पुढे सरकवत म्हणाले, "पोर येई शाळामा. शाई तेवढी तुम्ही द्या."

पुढच्या वर्षी मी लग्न होऊन नरडाण्याला गेले. सुमी धुळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंगची बाई झाली आणि तिथूनच रिटायर झाली. सुट्टी लागली की तीही मुलांना शंभर चित्रं द्यायची, खोडरबर नाही, कॅलेंडर नाही, आणि शाई ती स्वतः द्यायची. ती वही तिच्याकडे आहे. बिब्ब्याची सात पानं तशीच काळी आहेत, बाकीची पेन्सिल पुसट होत चालली. मागच्या आखाजीला तिनं मला माझं बोट दाखवलं. आता ते त्याहून वाकडं आहे.

जिजी नथ घातलेल्या चित्रानंतर तीस वर्षं जगली. माय गेली, मग आबा गेले. सरांचं मला कळलं नाही. सुमी धुळ्याला आहे, मी नरडाण्याला. तिच्या उजव्या पापणीवर तांदळाएवढा पांढरा डाग आहे. दोन्ही डोळ्यांनी तिला दिसतं.